सुमनबाईंची चक्कर

उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता. पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं. टाच उचला म्हटलं, तर जांघेत कळ आली. एवढ्यावरच निदान होतं: खुब्याचं हाड मोडलं. एक्स-रेनेही तेच सांगितलं.

सुमनबाई, वय बहात्तर, राहणार वाडी, निवृत्त मुख्याध्यापिका. या वयात हाडं ठिसूळ होतात. चालता चालता पडलं तरी खुबा मोडतो. म्हणून हाड कसं मोडलं यापेक्षा माणूस का पडला, हे आम्ही आधी विचारतो.

"अंगणात चक्कर आली," बाई म्हणाल्या. आवाज शाळेतला.

मुलगा घाबरला. भूलतज्ज्ञ थांबला. चक्कर हृदयामुळे आली असेल, तर भूल देणं धोक्याचं. आधी इको, मेंदूचा स्कॅन, चोवीस तास ठोके नोंदवणारं मशीन. म्हणजे ऑपरेशन दोन-तीन दिवस पुढे. आणि खुबा मोडलेला म्हातारा माणूस जितका पडून राहतो, तितकी न्यूमोनियाची आणि पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती वाढते. दोन-तीन दिवस बाईंना महागात पडले असते.

"डोळ्यांपुढे अंधारी आली?"

"थोडीशी."

"घाम? धडधड?"

"तुम्ही म्हणता तर आली असेल."

इतकी सोयीची उत्तरं देणारा पेशंट मला खटकतो.

बाईंना कारने आणणारे शेजारी भोयर बाहेर बसले होते. त्यांनी मला कोपऱ्यात नेऊन मोबाइल पुढे केला.

"आमच्या गेटचा सीसीटीव्ही हाय, डॉक्टर. रोज सकाळी जास्वंदाची फुलं गायब होऊन राहिली होती, म्हणून लावला. मॅडमच्या पोरापुढे कसा दाखवू, सांगा? मले शिकवलं त्यायनं."

क्लिप अर्ध्या मिनिटाची. बाई भोयरांच्या कुंपणाबाहेर उलट्या बादलीवर ताठ उभ्या. परडीत चार फुलं. पाचव्यासाठी डावीउजवीकडे पाहून फांदी ओढली, टाचा उचलल्या. बादली सरकली. पडल्याबरोबर बाईंनी परडी झुडपात ढकलली आणि मगच आरडाओरडा केला.

शुद्ध एक क्षणही गेली नव्हती. भूलतज्ज्ञाने क्लिप तीनदा पाहिली. त्यातलं एकदा कामासाठी.

मुलाला औषधं आणायला पाठवून मी विचारलं, "बाई, पडताना हातात काय होतं?"

शाळेतला आवाज गेला. "कोणं सांगतलं?"

"कॅमेऱ्याने."

"भोयर मोठा कंजूस हाय बाप्पा! देवाची फुलं देवाले नेऊन राहिली होती मी."

"आणि चक्कर?"

"मले कायची चक्कर येते! पण पोराले सांगू नका."

"केसपेपरवर 'बादलीवरून तोल गेला' एवढंच लिहितो."

"बादली कोणाची, ते नका लिहू."

ती भोयरांची होती.

ईसीजी आणि इको नॉर्मल आले. बाकीच्या तपासण्या रद्द झाल्या. त्याच दिवशी ऑपरेशन झालं, खुब्यात अर्धा कृत्रिम सांधा बसवला. दुसऱ्या दिवशी बाई वॉकर धरून उभ्या राहिल्या. भोयर भेटायला आले, तेव्हा बाईंचा पहिला प्रश्न होता, "काहून गा, तुया कॅमेऱ्याले मागची गल्ली दिसते का?"

तेव्हापासून पडून आलेल्या पेशंटला 'हातात काय होतं' हे मी विचारतोच. नातेवाइकांना बाहेर पाठवून.