चार पदरांचा गठ्ठा

आमच्या धर्मादाय इस्पितळात ऑपरेशनचं श्रेय वाटायची वेळ आली, की वाटणी वरच्या मजल्यावरच संपते. सर्जन, भूल देणारे डॉक्टर आणि मी, म्हणजे थिएटरची सिस्टर. तळघरात हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या बाईपर्यंत त्यातलं काही पोचत नाही. तिला सगळे पट्टीमावशी म्हणायचे.

हत्यारांच्या प्रत्येक गठ्ठ्यात कागदाची एक पट्टी ठेवतात. वाफ आतपर्यंत पोचली तर ती काळी होते. पांढरी राहिली, तर गठ्ठा परत. मग सर्जन कितीही आदळआपट करोत, मावशी ढिम्म हलत नसत. "पट्टीपुढे वशिला चालत नाही," म्हणायच्या. बावीस वर्षं मीही त्यांची बोलणी खाल्ली: "सिस्टर, कापडाचे दोनच पदर घ्यायचे. गठ्ठा आहे, गादी नव्हे!"

त्यांच्या मुलीचा एक पाय जन्मापासून आत वळलेला. सोळा वर्षांची पोर, पाऊल घासत चालायची. बाहेरून येणारे एक म्हातारे सर्जन वर्षातून सहा दिवस आमच्याकडे फुकट ऑपरेशनं करत. यंदाची त्यांची शेवटची खेप. त्यांच्यानंतर असा पाय सरळ करणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. शेवटच्या दिवशी, यादीत सगळ्यात खाली, मावशींच्या मुलीचा नंबर लागला.

त्या सकाळी मावशी दोनदा वर येऊन गेल्या. "टेबल नीट पुसलंत ना?" मला विचारतात! मी वैतागून म्हटलं, "मावशी, तुम्ही तुमचं बघा." त्यांनी बघितलं.

मुलीला भूल दिली. मी गठ्ठा सोडायला घेतला. एक पदर, दुसरा, मग तिसरा, चौथा. आतली पट्टी पांढरी होती. हाडाच्या हत्यारांचा दुसरा संच नव्हता. बाकी सगळे मुलीभोवती कामात होते. पट्टी फक्त मी पाहिली. आणि दाराच्या काचेतून मावशींनी.

मी त्यांच्याकडे बघितलं. खरं सांगते, त्यांनी नुसती नजर वळवली असती, तरी मी पट्टी मुठीत दाबली असती. मावशींनी दार ढकललं. "डॉक्टर, थांबा. वाफ आत गेली नाही."

"पुन्हा वाफ द्यायला किती वेळ?" सर्जनांनी विचारलं.

"थंड होईस्तोवर दोन तास."

सर्जनांनी घड्याळ पाहिलं. बारा वाजून गेले होते. ऑपरेशन तीन तासांचं आणि त्यांचं विमान संध्याकाळी सहाला. फार वाईट वाटतं, असं ते फार सभ्यपणे म्हणाले आणि हातमोजे उतरवले. जाताना मावशींच्या दक्षतेचं कौतुकही करून गेले. जाळायचंय ते कौतुक!

दुपारी मुलगी शुद्धीवर येऊ लागली. चादरीखाली हात घालून पायावर प्लास्टर आहे का ते चाचपू लागली.

"आई, झाला सरळ?"

"नाही गं बाळा. तुझा गठ्ठा म्हणून मी चार पदर घातले. वाफ आत गेलीच नाही."

गुंगीत ते तिच्या डोक्यात टिकेना. डोळे मिटायचे, उघडायचे, पुन्हा चादरीखाली हात आणि पुन्हा तोच प्रश्न. पाच वेळा. मावशींनी पाचही वेळा तेच उत्तर दिलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मी असते, तर दुसऱ्याच वेळी खोटं बोलले असते.