पालथं झोपून शिकवलेली छपाई

धाकट्या भावाच्या डाव्या डोळ्याचा पडदा सरकला, तेव्हा आमच्या शाळेला नुकती सुट्टी लागली होती. मी निपाणीत प्राथमिक शाळेत शिकवते. फोन आईचा आला. "त्याला एका डोळ्यानं निम्मंच दिसायलंय. दवाखान्यात आणलंय. तू ये," एवढंच ती बोलली. मी बेळगावला पोचेपर्यंत ऑपरेशन ठरलं होतं.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाहेर बोलावलं. डोळ्यात वायू भरलाय, त्याचा बुडबुडा पडद्याला दाबून धरणार, पण त्यासाठी पेशंटनं दोन आठवडे तोंड जमिनीकडं ठेवायचं. झोपायचं पालथं. जेवताना, बसताना मान खाली. मी विचारलं, "चुकून वर केली तर?" ते म्हणाले, "नका करू देऊ." नजर किती परत येईल हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. आई परत परत विचारत राहिली आणि ते परत परत "बघू" म्हणत राहिले.

भाऊ आणि आई बेळगावजवळ पिरनवाडीत राहतात. पुढच्या खोलीत त्याचं टी-शर्ट छापायचं मशीन. कागदाच्या प्रिंटरसारखंच, फक्त कागदाच्या जागी शर्ट. एका पाटावर शर्ट ताणून बसवायचा, पाट आत सरकतो आणि वरून छपाईचं डोकं इकडून तिकडं फिरत शाई फवारतं. त्यानं ते कोल्हापुरातून, एका बंद पडलेल्या दुकानातून घेतलं होतं. शिकला एकटाच, मोबाईलवर बघून आणि शर्ट वाया घालवून. कुणाला हाताशी घेतलं नव्हतं.

त्याची कॉट मागच्या खोलीत टाकायचं आम्ही ठरवलं होतं. तो म्हणाला, "न्हाय, पुढंच टाका. मशीनजवळ."

आई म्हणाली, "आता कशाला रं मशीन? बंद कर म्हणते मी."

"बंद करून चालत न्हाय. पांढरी शाई तळाला बसती. या उन्हात चार दिवस तसंच ठेवलं तर डोक्याची भोकं बुजून जातात. मग डोकंच बदलाय लागतंय." तो उशीत तोंड घालून बोलत होता, त्यामुळं आवाज लांबून आल्यासारखा वाटायचा. "आक्का, तू हाईस न्हवं सुट्टीला?"

मी "व्हय" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

शिकणं दुसऱ्याच दिवशी सकाळी सुरू झालं. आधी शाईच्या कुप्या हळूहळू हलवायच्या. जोरात हलवलं की फेस होतो. मग चाचणीचा कागद काढायचा. त्यावर बारीक रेघांची जाळी उमटते. जिथं रेघ तुटते तिथलं भोक बुजलेलं. पांढरी शाई पांढऱ्या कागदावर दिसत नाही, म्हणून तिची चाचणी पारदर्शक प्लास्टिकवर.

"किती तुटल्यात?" त्यानं विचारलं.

मी प्लास्टिक खिडकीकडं धरलं. "बऱ्याच."

"बऱ्याच म्हणजे? एका जागी का इकडं तिकडं?"

मला सांगता येईना. इतकी वर्षं मुलांच्या वह्यांतल्या रेघा तपासत आले, आणि इथं डोळ्यांपुढं सगळं नाचायला लागलं. शेवटी त्यानं ते आपल्या तोंडाखाली जमिनीवर ठेवायला सांगितलं. कॉटच्या कडेला मान काढून तो उजव्या डोळ्यानं बघत राहिला. त्याच्या डाव्या डोळ्यावरची पट्टी ओली झाली होती. आईनं ते बघितलं आणि प्लास्टिक उचलून नेलं. "त्याला बघाय लावू नकोस," ती मला म्हणाली. तेव्हापासून बघणं माझ्याकडं आलं. तो फक्त ऐकायचा.

त्याला मशीनचे सगळे आवाज पाठ होते. छपाईचं डोकं आपल्या जागी परत येताना होणारी टकटक, शाई ओढतानाचं गुरगुरणं. मी पलीकडं काय करते ते तो आवाजावरून सांगायचा. "पाट खाली घेतला न्हाईस अजून," म्हणायचा, आणि खरंच घेतलेला नसायचा. त्याचं बरोबर आलं की मला बरं वाटण्याऐवजी भीतीच वाटायची. हा माणूस इतकं कान लावून पडलाय म्हणजे त्याला झोप लागत नाही, हे मला कळत होतं.

मशीन चालू ठेवायचं अजून एक कारण होतं. खानापूरकडच्या एका गावातल्या मुलींचा खो-खोचा संघ धारवाडला सामन्यांना जाणार होता. त्यांच्या मास्तरणीनं काळे टी-शर्ट आणून दिले होते. पाठीवर पांढऱ्या ठळक अक्षरांत गावाचं आणि संघाचं नाव, कन्नडमध्ये. भाऊ आजारी पडण्याआधीच ते ठरलं होतं. तो म्हणाला, "न्हाय म्हणून कळवू या का?" पण म्हणताना त्याचा आवाज असा झाला की मीच म्हणाले, "राहू दे, करू या."

काळ्या कापडावर पांढरं छापणं सगळ्यात अवघड, हे मला नंतर समजलं. आधी कापडावर एक पाण्यासारखं औषध फवारायचं, दाबून वाळवायचं, तेव्हा कुठं शाई वर राहते. औषध कमी पडलं तर पांढरं कापडात मुरून राखाडी दिसतं. जास्त झालं तर धुतल्यावर शाईला तडे जातात. किती म्हणजे पुरे, असं विचारलं की भाऊ म्हणायचा, "ओलं दिसाय पाहिजे, भिजल्यागत दिसाय नको." मी गच्चीवर जाऊन तोंडाला ओढणी बांधून फवारायची, कारण आईला त्या वासाची धास्ती. ती आणि वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होते. कसला वास माणसाच्या छातीत कुठवर जाऊन बसतो ते तिनं बघितलेलं. "डोळ्याला लागंल ते," ती म्हणायची. लागणार नाही असं सांगण्याइतकं मला तरी कुठं माहीत होतं?

जुन्या काळ्या बनियनींवर मी सराव केला. पहिलं राखाडी आलं. दुसऱ्यावर औषधाचा चौकोनी डाग उमटला. तिसऱ्यावर जरा बरं आलं तेव्हा मी अक्षरं नीट वाचायला घेतली. माझं कन्नड मराठी शाळेत एक विषय म्हणून शिकलेलं, बोलायला येतं, वाचायला हळू. एकेक अक्षर लावत गेले आणि गावाच्या नावात अडखळले. कन्नडात जोडाक्षरातलं दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली लटकतं. इथं ते खाली नसून बाजूला सरकलेलं दिसत होतं.

"असं असतंय का रं?" मी भावाला विचारलं. भाऊ कन्नड शाळेत शिकलेला, भराभर वाचणारा. पण त्याला दाखवायचं नाही.

"बाजूला म्हणजे किती बाजूला?"

मी त्याच्या पाठीवर बोटानं ते अक्षर गिरवून दाखवलं. त्यानं परत एकदा गिरवायला लावलं. मग म्हणाला, "चुकलंय बहुतेक. पण मास्तरणीला इचार."

तिला फोन केला. ती कन्नड बोलणारी, पण मराठी चांगलं. "माझ्या मोबाईलवर बरोबर दिसतंय की, मॅडम," ती म्हणाली. मला वाटलं, आपलंच वाचन कच्चं. तरी बनियनीचा फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. "हे नको, मॅडम. हे चुकलंय. असं घालून गेल्या तर पोरींना हसतील सगळी." तिनं पाठवलेल्या फाईलमधला कन्नड फॉन्ट भावाच्या लॅपटॉपवर नव्हता, म्हणून जोडाक्षर फुटलं होतं. तिनं त्याच मजकुराचं चित्र करून पाठवलं आणि ते सुटलं. पण विचारलं नसतं तर सगळे शर्ट तसेच छापून झाले असते. त्यानंतर प्रत्येक शर्ट छापण्याआधी मी ते नाव बोट ठेवून वाचायची.

छापायचा दिवस आला. दुपारी वीज जाते म्हणून सकाळीच बसलो. मशीन कोरड्या हवेत रुसतं, म्हणून आईनं खोलीत ओली पोती पसरली होती. पहिले काही शर्ट चांगले उतरले. शाई पक्की करणाऱ्या हीट प्रेसखालून काढल्यावर पांढरं असं ठसठशीत दिसत होतं की आईसुद्धा जवळ येऊन बघून गेली. माझा हात जरा सैल पडला असेल. पुढचा शर्ट पाटावर ओढताना एका बाजूला घडी राहिली, ती मला दिसली नाही.

डोकं कापडावरून जाताना खरखर आवाज आला. मला कळायच्या आत भाऊ कॉटवर उठून बसला होता. मान वर, तोंड मशीनकडं. "बंद कर, बंद कर ते," तो म्हणत होता. मी बटण दाबलं. आईनं धावत येऊन दोन्ही हातांनी त्याचं डोकं खाली दाबलं, लहान मुलाचं दाबावं तसं.

भाऊ गुडघ्यात तोंड घालून बसला होता. "डोकं घासलं का बघ," तो खालूनच म्हणाला. मला मशीनचं डोकं काय न् त्याचं काय, काही सुचत नव्हतं.

"डोळ्याला काय वाटतंय?"

"पाणी हललं नुसतं. काय न्हाय."

आई माझ्याकडं बघत नव्हती. मी पाट मागं घेतला, शर्ट सोडवला, चाचणी काढली. काही रेघा गेल्या होत्या, साफ केल्यावर आल्या. उरलेले शर्ट मी त्याच दिवशी छापले. प्रत्येक वेळी कापडावरून तळहात फिरवत राहिले, आणि तळहाताला घाम इतका की तो आधी ओढणीला पुसायला लागायचा.

तपासणीला अजून काही दिवस होते. ते कसे गेले ते सांगता येत नाही. "आता कसं दिसतंय?" हे विचारावंसं वाटायचं आणि विचारायचं धाडस व्हायचं नाही. पट्टी बदलताना तो म्हणायचा, उजेड कळतोय. मी बाहेर जाऊन उगाच कपडे वाळत घालायची. एकदा आई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "तू मुद्दाम केलं न्हाईस. पण करायलाच पायजे होतं व्हय ते?" मी ताटं पुसायला घेतली.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर बराच वेळ यंत्रातून बघत राहिले. मी भिंतीला टेकून उभी. मग ते म्हणाले, "पडदा चिकटलाय." मी सांगून टाकलं, "मधे एकदा तो उठून बसला होता." ते म्हणाले, "थोडा वेळ झालं असेल. बुडबुड्यानं आपलं काम केलंय." भाऊ उठला तशी आई त्याच स्टुलावर बसली, ते स्टूल पेशंटचं होतं.

नजर आली, पण पहिल्यासारखी नाही. दाराची चौकट त्या डोळ्यानं वाकडी दिसते, म्हणतो. दुसरा डोळा चांगला आहे म्हणून काम चालतं. खो-खोच्या पोरी दुसऱ्याच फेरीत हरल्या. मास्तरणीनं त्यांचा पाठमोरा फोटो पाठवला होता. एका शर्टावरचं अक्षर मात्र धुतल्यावर तडकलं, तो तिनं परत आणून दिला आणि भावानं नवा छापून दिला.

जूनच्या आधीच शाळा उघडली आणि मी निपाणीला परतले. भाऊ आता स्वतः छापतो. रोज सकाळी मशीन सुरू केलं की मला फोन करतो, मिनिटभर. परवा फोन आला नाही. मी वर्गात होते, मुलं बेरजा करत होती आणि मी खिडकीपाशी उभी राहून मोबाईल उघडत आणि मिटत होते. मधल्या सुट्टीत मीच लावला. आईनं उचलला. "गच्चीवर फवारायलाय तो," ती म्हणाली. "बोलवू व्हय?"

"नको," मी म्हणाले. "तोंडाला फडकं बांधलंय का तेवढं बघ."