डाव्या पायाचा लोखंडी तळ

माझ्या कोल्हापूरच्या गॅरेजात एक रिवाज होता. गाडी पंक्चरला आली तरी धुऊन-पुसून द्यायची. शाळा माझी चौथीपर्यंत, पण गाडीतलं मला कुणी शिकवावं असं अजून तरी झालेलं नाही.

मुलाकडं परदेशात, सँट्रीला आलो आणि टाळेबंदीत अडकलो. शेजारी नव्वदीचा आयरिश म्हातारा, एकटा. जवानीत मोटारसायकलच्या शर्यती मारलेला. कुंपणापलीकडून तो बोलायचा, अलीकडून सून मला मराठीत सांगायची. गोल मैदानावर कोळशाची खंगर पसरलेली, वळण कायम डावीकडं, आणि गाडीला ब्रेकच नाही. वळणावर गाडी आडवी घसरवायची, डावा पाय खंगरीवर घासत न्यायचा. म्हणून डाव्या बुटाखाली लोखंडी तळ बांधायचा.

"ब्रेक नाही, मग थांबत कसा होता, विचार त्याला."

सुनेनं विचारलं. तो हसला. म्हणाला, "थांबायचं होतं कुणाला?"

समुद्र ओलांडून इंग्लंडातही शर्यती पळाला गडी. चौथ्या वर्षी पडला, मांडी मोडली. उरलेली हयात बसच्या डेपोत इंजिनं उघडण्यात गेली. हे ऐकलं तेव्हापासून तो मला आपला वाटायला लागला.

जानेवारीत त्यानं तो तळ कुंपणावरून माझ्या हातात दिला. पट्टा तुटला होता. इकडं मयताच्या पेटीवर त्या माणसाची एखादी खूण ठेवतात. त्याला आपल्या पेटीवर हा तळ हवा होता.

"बाबा, फक्त पट्टा शिवायचाय," सून म्हणाली. "बाकी काही करू नका."

"तू मला शिकवू नकोस."

पट्टा शिवला. पण लोखंड गंजलेलं, ओरखड्यांनी भरलेलं. असलं काम मी तसंच परत देईन? दोन दिवस कानस मारली, मग पॉलिश पेपर. तोंड दिसावं असा केला.

कुंपणावरून परत दिला तेव्हा त्यानं तळ उलटा केला. त्यावरून अंगठा फिरवत राहिला, बराच वेळ. मग म्हणाला, "ग्रँड." एवढा शब्द मला कळतो. मी ताठ मानेनं आत आलो.

सून खिडकीशी उभी होती. "त्यात शेवटच्या शर्यतीचा ओरखडा होता, बाबा. पडताना पाय फरफटला, त्याचा. मला दाखवला होता त्यांनी."

"मग आधी सांगायचं."

"सांगितलं होतं."

त्याच्या दारापर्यंत वीस पावलं. आठवडाभर रोज माफी मागायला जायचं ठरवलं, आणि रोज काहीतरी काम काढून घरातच बसलो. मग त्याला ब्युमॉन्टच्या दवाखान्यात नेलं. तो परत आलाच नाही.

टाळेबंदीत मयताला दहाच माणसांना परवानगी होती, म्हणून गल्लीतले सगळे आपापल्या फाटकात उभे राहिलो. गाडी हळू आली. पेटीवर तो तळ. ऊन नव्हतं तरी चमकत होता, दुकानातून आत्ताच आणल्यासारखा. बघणाऱ्यानं म्हणावं, हा माणूस कधी शर्यतीत उतरलाच नाही.

मागच्या गाडीतून त्याच्या लेकीनं मला बघून हात छातीवर ठेवला, आभार मानल्यासारखा. मी हात जोडले. मान वर करवली नाही.