कच्च्या कागदातला गट नंबर

आमच्या वॉर्डाची सोडत निघाली आणि जागा महिलेसाठी राखीव झाली, तेव्हा आमच्या घरात पदवीधर बाई एकच होती. ती म्हणजे मी. पाचोडच्या शाळेत वक्तृत्वाचे कप मिळवलेली, लग्नानंतर बाहेरून परीक्षा देऊन बी. ए. झालेली. माझी धाकटी जाऊ देवगाव रंगारीची, आठवीतच शाळा सुटलेली. पक्षाची माणसं बोलणी करायला घरी आली, तेव्हा मी ठेवणीतली साडी नेसून चहा दिला. त्यांनी चहा घेतला, चव चांगली आहे म्हणाले आणि माझ्या दिराला विचारलं, "घरात लेकरं किती?"

दिराला दोन, आम्हाला तीन. दोनाच्या वर लेकरं झाली की निवडणुकीला उभं राहता येत नाही, हा नियम दिराला नीट ठाऊक नव्हता. मला मात्र पाठ होता. तेव्हा तो मीच समजावून सांगितला, हातात ट्रे धरून, शुद्ध भाषेत. पाहुण्यांनी माना डोलावल्या आणि माझ्या मागे दारात उभ्या असलेल्या जावेकडे पाहिलं.

माझी धाकटी मुलगी, तिसरं लेकरू, त्या वेळी अंगणात पाण्याच्या ड्रमवर चढून बसली होती. मी तिच्याकडे असं काही पाहिलं की ती आपोआप खाली उतरली. मग मला लाज वाटली आणि मी तिला जवळ घेतलं. पण पाहायचं ते पाहून झालं होतं.

जाऊ निवडून आली. चौकात तिचा हात जोडलेला फ्लेक्स लागला, चेहरा इतका गोरा केलेला की सासूबाईंनीसुद्धा आधी ओळखला नाही. दारावर माणसं यायची, "मॅडम आहेत का?" म्हणून विचारायची. पिठाचे हात घेऊन दार उघडणारी बाई मॅडम असू शकत नाही, हे त्यांनी गृहीत धरलेलं असायचं. सासूबाई सकाळचा पहिला चहा तिला द्यायला लागल्या. एवढ्याशा गोष्टीचं काय, असं कुणी म्हणेल. त्यानं दोन वर्षं दुसऱ्या नंबरचा चहा पिऊन बघावा. मला तिचा हेवा वाटायचा, आणि तो थोडाथोडका नव्हे. तिच्या फाईलचा, तिच्या लेटरहेडचा, टँकरवाला तिला बघून हॉर्न न वाजवता थांबायचा त्याचासुद्धा.

ती दुष्काळाची वर्षं होती. धरणात मृतसाठा उरला होता, गावाकडची माणसं रोज नव्यानं शहरात येत होती, आणि शहर आमच्या पुढे-मागे दोन्हीकडे वाढत होतं. आज ज्या शेतात वाळलेली तूर दिसायची, तिथं पुढच्या महिन्यात चुन्याची फक्की मारून गुंठ्यागुंठ्याचे प्लॉट पडायचे. आमची वस्तीही तशीच बसलेली. गल्ल्यांना आम्ही नावं दिली होती, पण महापालिकेच्या नकाशात ती नव्हती. तिथं आमची ओळख एकच, शेताचा गट नंबर. पाणी टँकरचं. प्रत्येक दारापुढे निळे ड्रम, त्यावर ऑइलपेंटनं घराचा क्रमांक.

गंमत अशी की मोठ्या टाकीकडे जाणारी पाइपलाइन आमच्याच वस्तीतून गेली होती. पाणी आमच्या पायाखालून जायचं आणि पलीकडच्या कॉलनीतल्या बंगल्यांना मिळायचं. मधोमध व्हॉल्वचा खड्डा होता, चांगला पुरुषभर खोल. लाईनमन व्हॉल्व खोलायचा त्या दिवशी जोडातून पाणी गळायचं, आणि आमच्या बायका खड्ड्यात उतरून ते तांब्यातांब्यानं भरायच्या. सिमेंटचं झाकण बायकांनीच एकदा पहारीनं सरकवलं, ते परत कुणी बसवलं नाही. झाकण बसवलं तर पाणी बंद. न बसवावं तर येता-जाता कुणी तरी आत जायचं. एक म्हातारी पडून वाचली, एक शेळी पडून मेली.

जावेला महापालिकेच्या सभेत प्रश्न मांडायचे असत, आणि ते लिहायचे मी. याची एक रीत आमच्यात बसून गेली होती. संध्याकाळी ती भाकरी थापायची, मी चुलीशेजारी पाट घेऊन कच्चा कागद लिहायचे आणि मोठ्यानं वाचायचे. तिला जोडाक्षरं लवकर लागत नसत, पण कानाची इतकी पक्की की दोनदा ऐकलं की शब्दन्‌शब्द पाठ. तिसऱ्या भाकरीला ती मलाच म्हणून दाखवायची. मग मी पक्का कागद करायचे, ती सावकाश सही करायची आणि तो कागद सभेच्या आठवडाभर आधी सचिवांकडे जायचा.

"सदर व्हॉल्वचा खड्डा उघडा असल्याने नागरिकांच्या जीवितास धोका आहे, हे खरे आहे काय?" मी वाचलं की ती हसायची.

"आक्का, खरं हाय हे आपल्याला ठावं हाय. मग त्यांना इचारायचं कामून?"

"तशी पद्धत असते," मी म्हणायचे. पद्धत मला ठाऊक होती आणि तिला नव्हती, एवढाच माझा आनंद.

पण सभेत ती उभी राहिली की वेगळीच दिसायची. पहिल्यांदा तिनं चौकातल्या दिव्याचा प्रश्न विचारला. अधिकारी म्हणाले, कार्यवाही सुरू आहे. ती बसलीच नाही. "तारीख सांगा," म्हणाली. ते म्हणाले, लवकरच. "लवकर म्हंजी कवा? तारीख सांगा." तारीख मिळेपर्यंत ती तशीच उभी. अर्धवट उत्तर घेऊन ती कधी खाली बसली नाही, आणि वस्तीत तिचं हेच कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, वाक्य माझं आणि फोटो तिचा. तिनं ते कात्रण माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "बघा, तुमचं छापून आलं." ती मनापासून म्हणाली होती. त्यामुळे मला जास्तच राग आला.

व्हॉल्वच्या खड्ड्याचा प्रश्न आम्ही ज्या संध्याकाळी लिहिला, तिचा मला अजून विसर पडत नाही. कच्च्या कागदात सगळं नीट होतं. वस्ती, गट नंबर, खड्डा कुठून किती पावलांवर, मागणी दोन: खड्ड्यावर लोखंडी जाळी, आणि शेजारी सार्वजनिक नळ. तिनं पाठ केलं, म्हणून दाखवलं. जेवणं झाली. मी पक्का कागद लिहायला बसले तेव्हा माझी धाकटी माझ्या खांद्यावर रेलून बघत होती. तिनं सहज विचारलं, "आई, काकू सभेत बोलती. तू कामून नाय बोलत?"

आठ वर्षांच्या लेकराला काय उत्तर देणार? तुझ्यामुळे, असं? मी म्हणाले, "जा, झोप जा." आणि पक्क्या कागदातून गट नंबर गाळला. हातून चुकून गळला नाही. वाक्य असं जुळवलं की नंबर नसल्याचं सहज ध्यानात येऊ नये. मला माहीत होतं, नंबर नसला की अधिकाऱ्यांना जागा सापडणार नाही, आणि ते तसं सभेत म्हणणार. एकदा तरी तिनं सगळ्यांदेखत उभं राहावं आणि तिच्याजवळ बोलायला काही नसावं, एवढीच माझी इच्छा होती. खड्ड्याचा मी त्या वेळी विचारच केला नाही. तिनं रोजच्यासारखी सही केली.

सभेच्या दिवशी मी मुद्दाम तिच्याबरोबर गेले आणि वर प्रेक्षकांच्या बाकावर बसले. अधिकारी उठले, म्हणाले, "प्रश्नात गट नंबर नमूद नसल्याने स्थळाचा बोध होत नाही. सन्माननीय सदस्यांनी तो द्यावा, पुढील सभेत खुलासा करू." जावेनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, आणि खाली बसली. मागच्या बाकावर कुणी तरी फिस्‌कन हसलं. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं इतकं बरं वाटलं.

येताना शहागंजात रिक्षा थांबवून तिनं पोरींसाठी रिबिनी घेतल्या. तिच्या एका पोरीला एक, माझ्या दोघींना दोन. घरापर्यंत त्या रिबिनींच्या रंगांचंच बोलत राहिली.

पुढची सभा लांबली, मग आणखी लांबली. मधल्या काळात पाण्याचा एक दिवस आला. टँकर दोन दिवस फिरकला नव्हता. मी दारात ड्रमजवळ, कुणाचा हंडा आधी लागला यावर शेजारणीशी भांडत उभी होते. धाकटी घरातला तांब्या घेऊन कधी गेली ते मला कळलं नाही. खड्ड्याच्या ओल्या कडेवरून तिचा पाय सटकला. आरडाओरडा ऐकून मी पोहोचले, तोवर जाऊ साडी खोचून आत उतरलेली होती आणि पोरीला खांद्यावर घेऊन वर देत होती. पोरीचा हात मनगटाच्या वर भलत्याच ठिकाणी वाकला होता. ती रडत नव्हती. "तांब्या खालीच राहिला," एवढंच म्हणत होती.

प्लास्टर घालेपर्यंत दवाखान्यात जाऊच तिला मांडीवर घेऊन बसली. पोरगी माझ्याकडे यायला तयार नव्हती, आणि त्याही वेळी, त्या बाकावर, मला त्याचा हेवा वाटला. घरी आल्यावर मी कुणी न सांगता कागद काढला. कच्चा केलाच नाही. गट नंबर सगळ्यात वर लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

पुढच्या सभेला जावेनं पोरीला बरोबर घेतलं. पोरगी वर माझ्या शेजारी बसली, प्लास्टरचा हात कठड्यावर ठेवून. अधिकाऱ्यांनी सुरुवातच केली, "मागील वेळी सदस्यांनी गट नंबर दिला नव्हता, त्यामुळे विलंब झाला."

"व्हय साहेब," जाऊ म्हणाली. "नंबर माझ्याकडून राह्यला. ती चूक माझी. पण तुमची पाइपलाइन आमच्या दारातून गेली, ती टाकताना तुम्हाला जागा बरी सापडली."

सभागृहात हशा झाला. ती हसली नाही. कागद तिनं घडी करून बाकावर ठेवला होता.

"खड्ड्यात उतरणाऱ्या आमच्या बाया येड्या नायत. पाणी तिथंच हाय म्हणून उतरतेत. जाळी बसवा, पण आधी नळ द्या. नुसती जाळी बसवली तर बाया ती काढतील, अन्‌ काढायला मी सगळ्यात आधी जाईन. आता तारीख सांगा."

बाकं वाजली. तारीख मिळाली, आणि त्या तारखेला नळ आला, नंतर जाळीही आली. पण त्या क्षणी वर बसून मी काय करत होते? तिची वाक्यं मोजत होते. त्यातलं एकही माझं नव्हतं. शेजारी माझ्या लेकराचा मोडका हात, आणि मला जळजळ कशाची, तर बाकं तिच्या शब्दांना वाजली याची. पोरगी एका हातानं मांडीवर थाप मारून टाळी वाजवत होती.

परतताना आम्ही तिघी एकाच रिक्षात. पोरगी मध्ये, प्लास्टर जावेच्या मांडीवर. रिक्षानं क्रांती चौक ओलांडला. मग जाऊ म्हणाली, "आक्का, कच्च्या कागदात नंबर व्हता."

मी बाहेर बघत राहिले.

"तुम्ही वाचला तवाच मला पाठ झालता. मागच्या सभेला ते साहेब इचारत व्हते, तवा पार जिभेवर आलता. पण म्हणलं, पक्क्या कागदातून आक्कांनी काढला, म्हंजी काही तरी कारण असंल. शिकलेलं माणूस उगं काढत नाय. मी मधीच बोलले, अन्‌ त्यात तुमचं काही बिघडलं तर? म्हणून गप बसले." ती थांबली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, मी नीट ऐकत होते. "काय कारण व्हतं?"

रिक्षा सिग्नलला उभी होती. पोरगी वर मान करून आळीपाळीनं आमच्या दोघींकडे बघत होती. जाऊ माझ्या तोंडाकडे बघत होती, सभेत उत्तराची वाट बघत उभी राहायची तशीच.

"राहिला गं," मी म्हणाले. "लिहिताना राहिला."

सिग्नल सुटला. तिनं आणखी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग पोरीच्या प्लास्टरवरची धूळ पदरानं पुसली आणि घरी स्वैपाकाला काय करायचं ते बोलायला लागली. पाच वर्षं ती सभेत होती. अर्धवट उत्तरावर तिनं सोडून दिलेला प्रश्न माझ्या माहितीत तेवढा एकच.