फ्रीजला टेकलेला चौरंग

वायरमनच्या स्वतःच्या घरात अर्थिंग नाही, हे ऐकून लोक हसतात. हसा बापडे! कतारगामातली ती भाड्याची खोली काही मी बांधलेली नाही. भिंतीवर तीन भोकांचे सॉकेट मिरवतात, पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच नाही. मालकाच्या मागे लागून लागून माझी जीभ झिजली. म्हटलं, मागच्या बोळात खड्डा खणू द्या, मीठ-कोळसा घालून अर्थिंगची पट्टी मी पुरतो, हिरवी तारही मीच ओढतो. तर म्हणे, "भाई, लाइट तो चाले छे ने?"

चालते हो, का नाही चालणार? दिवा लागायला दोनच तारा पुरतात. एकीनं वीज येते, दुसरीनं परत जाते. तिसरी लागते ती वीज वाट सोडून यंत्राच्या पत्र्यात उतरली तर. मग ती त्या तारेनं गुमान जमिनीत जाते. तार नसली की पत्र्यातच थांबते आणि अनवाणी माणसानं हात लावला की त्याच्यातून जमीन गाठते. आमच्या जुन्या फ्रीजच्या पत्र्यात अशीच वीज उतरायची. म्हणून मी त्याच्यापुढे रबराची मॅट टाकली होती. मॅटवर उभं राहूनच फ्रीज उघडायचा, हे घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

मोठा भाऊ पलसाण्याला डाइंग मिलमध्ये कामाला होता. ऐन श्रावणाच्या तोंडावर काविळीनं गेला. घरात सुतक, त्यामुळे त्या वर्षी आमची श्रावणातली देवी, कानबाई, घरात बसली नाही. आम्हा खानदेशी लोकांत कानबाई बसवणं चुकत नाही. आईनं डोक्यात घेतलं की देवी रुसली, आधी पोरगा नेला आणि मग स्वतःही आली नाही. त्यानंतर आई वर्षभर धड जेवली नाही. तिचे हात काड्यांसारखे झाले. मी ओरडायचो, हातापाया पडायचो, पण तिच्यापुढे काही चालत नव्हतं. भावापाठोपाठ हीही जाते की काय, या भीतीनं मी आतून पोखरून गेलो होतो.

पुढच्या श्रावणात आई उठली. कानबाई येणार म्हणजे घर धुऊन लख्ख व्हायलाच हवं. भांडी, गोधड्या, फरशी, काही म्हणून सोडलं नाही. त्या धुण्यात माझी मॅटही गुंडाळून गॅलरीत गेली. शेजारचा लोखंडी चौरंग आणला. खोली ती केवढीशी, चौरंग फ्रीजला टेकूनच बसला. वर नारळाची कानबाई, नथ, साडी, सगळं यथासांग.

कानबाई बसली त्या रविवारी दुपारी मी कामरेजहून काम उरकून आलो तर दारात बायांची ही रांग! आत आई रडत होती आणि हसतही होती, देवी आली म्हणून सांगत होती. "उनी रे पोरा, मनी माय उनी! चौरंगाले हात लाव, अंगात झिणझिण्या येतस!" भाऊ गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. म्हणाली, आता देवीच्या प्रसादाचे रोट पोटभर खाईन.

माझं लक्ष फ्रीजकडे गेलं, पुढची मॅट जागेवर नव्हती. खिशातला टेस्टर चौरंगाला लावला, त्यातला दिवा पेटला. खाली ओली फरशी, सगळ्या बाया अनवाणी. आज झिणझिण्या येत होत्या, पण त्या वाढायला कितीसा वेळ लागतो? माझ्या डोळ्यांदेखत एका बाईनं कडेवरचं लेकरू पाया पडायला खाली वाकवलं. मी झेपावून फ्रीजची पिन उपसली.

लेकरानं चौरंगाला हात लावला आणि नुसतं हसलं. पुढच्या बाईला काही जाणवलं नाही, त्याच्या पुढचीलाही नाही. मग आईनं हात ठेवला. एकदा ठेवला, परत ठेवला, पदरानं हात पुसून पुन्हा ठेवला. तिचा चेहरा असा उतरला की मला तो बघवेना. "गेली?" तिनं मला विचारलं.

बायांसमोर नको म्हणून मी तिला बाजूला घेतलं आणि कानात सगळं सांगितलं. फ्रीज, पत्रा, काढलेली मॅट. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. अडाणी नव्हती ती, वायरमनची आई होती, तिला सगळं समजलं. मग तिनं माझं मनगट धरलं.

"पिन लाव ना रे परत. बायास्ले धाडी देऊ. मी एकलीच हात लावसू."

"आई, मरशील!"

"तुनं काय जास?"

मी पक्कड काढली आणि पिनेची वायर मुळातून छाटून टाकली. आई बघत राहिली. बायांना वाटलं, देवी शांत झाली. त्या रोट खायला बसल्या. आईचं ताट मी स्वतः वाढलं. तिनं ते हातानं हळूच माझ्याकडे सरकवलं.