टँकरवाल्या दिराचा पाय

नर्सच्या नोकरीत तीस वर्षं मी लोकांचा पू पुसला, कधी ओकारी आली नाही. ती आली गेल्या वर्षी, आमच्या औंढ्याच्या ओढ्यावर.

सकाळची वेळ. माझा चुलत दीर मैल्याचा टँकर ओढ्याला लावून उभा होता. लोणावळ्यातल्या बंगल्यांच्या संडासाच्या टाक्या उपसायचं त्याचं काम. तो मैला लांब, ठरवून दिलेल्या जागी नेऊन ओतायचा असतो. हा बहाद्दर वाडीच्या वरच्या अंगाला, ओढ्यातच पाइप सोडून विडी ओढत होता. खाली शंभर पावलांवर आमची विहीर.

"वैनी, लय लांब पडतं तितं. व्हात्या पान्याला काय हुतंय?" असं म्हणून वर हसला. मला मैल्यापेक्षा त्या हसण्याची जास्त शिसारी आली. महिनाभर वाडीतली पोरं जुलाबांनी गळून चालली होती आणि आम्ही बाया नाक्यावरच्या वडापावला शिव्या घालत होतो.

बायांनी तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहिला. डोळ्यांनी पाहिलेली मी एकटी, म्हणून पहिली सही माझीच हवी होती. तरी तो कागद आठ दिवस माझ्या पिशवीत पडून राहिला. भावकी आड आली. टँकर जप्त झाला तर त्याच्या घरी चूल कशी पेटणार? माझे मालक गेले तेव्हा तिरडीला पहिला खांदा यानंच दिला होता. स्वतःचीही चीड यायला लागली मला.

नवव्या दिवशी त्याची बायको दारात आली. अडकलेला पाइप सोडवायला तो अनवाणी ओढ्यात उतरला होता, आणि पर्यटकांनी फोडलेल्या दारूच्या बाटलीची काच टाचेत घुसली होती. जखम चिघळली होती. दवाखाना झाला होता, पण रोजचं ड्रेसिंग करायला कुणी नव्हतं. करावं तसं भरावं, असं मनात आलंच. तरी गेले.

पट्टी सोडली तर तोच ओढ्याचा वास. मी नाकाला पदर लावला नाही. त्याच्या बायकोला म्हणाले, "घागरीतलं विहिरीचं पाणी उकळायला ठेव गं. आम्ही सगळे आता तेच उकळून वापरतो."

तो दचकून उठून बसला. "हिरीचं नगं, वैनी! मागं इकतचा जार हाय, त्यातलं घ्या."

बायकोनं मान खाली घातली. माजघराच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेला जार होता. आमची पोरं सलाइनवर होती आणि हे घर कधीपासून विकतचं पाणी पीत होतं. त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

मी जारचंच पाणी उकळलं. जखम धुतली, पू काढला, पट्टी बांधली. हात जरासुद्धा जड पडू दिला नाही. मग पिशवीतला अर्ज काढला आणि त्याच्याच खाटेच्या कडेला ठेवून सही केली.

तो रडायला लागला. "टँकर जाईल ओ माजा. माप करा."

"जाऊ दे," मी म्हणाले. "पाय उशीवर ठेव. उद्या परत येते."

दुसऱ्या दिवशी आधी वडगावला तहसील कचेरीत जाऊन अर्ज दिला आणि तशीच त्याच्याकडे गेले. मला बघून त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. पाय मात्र पुढं केला.