पहिली हाक वहिनींना

आमच्या जाऊबाईंना अख्खं गाव वहिनी म्हणतं. त्यांच्याहून वयाने मोठे असलेले मास्तर वहिनी म्हणतात, औषधाच्या दुकानातला वहिनी म्हणतो, त्याची शाळकरी मुलगीही वहिनीच म्हणते. खरं तर वहिनी म्हणायचा हक्क एकट्या माझ्या नवऱ्याचा. पण तो बिचारा या रांगेत कायम शेवटी. त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा गावाची कामं संपल्यावर लागायची.

मी धाकटी जाऊ. माझी पिठाची गिरणी आणि त्यांचं शिवणाचं दुकान, मध्ये एकच भिंत. माझ्या तोंडाला लगाम नाही असं गाव म्हणतं. ते खरं आहे, म्हणून आधीच सांगते, हे ऐकायला गोड लागणार नाही.

जाऊबाईंना मूलबाळ नाही. दीर गेले तेव्हा त्या तरण्याताठ्या होत्या. माहेरचे न्यायला आले, तर त्यांना म्हणाल्या, "मशीन कुठं नेऊ? राहू दे." आणि राहिल्या. पुढच्या खोलीत दुकान, मागे स्वयंपाकघर, एवढंच घर. त्यांची एक रीत होती. कापड बेतायचं ते जमिनीवरच. टेबल होतं, पण त्यावर सुतं, डबे आणि अर्धवट कपडे. कापड थेट उंबऱ्यापासून मशीनपर्यंत पसरायचं, कोपऱ्यांवर इस्त्र्या ठेवायच्या आणि गुडघ्यांवर सरकत सरकत कात्री चालवायची. कोणी पायरी चढून आत यायला लागलं की मान वर न करता एकच शब्द: "पाय!" मग तो सरपंच असो नाहीतर भंगारवाला. माणूस जागच्या जागी थांबायचा. बाहेरूनच हाक मारायची, आतून "आले" असं यायचं, आणि मग वाट बघायची. त्यांचं "आले" म्हणजे चहा करून पिऊन होईल एवढं लांब. गावाला त्याची सवय झाली होती. त्या पायरीवर बसून लोकांनी सोयरिकी जमवल्या आणि भावाभावांची भांडणं मिटवली. आत पाऊल मात्र कोणी टाकलं नाही. मी एकटी सरळ कापडावरून चालत जायची आणि शिव्या खायची.

आमचं गाव धड खेडं नाही, धड शहर नाही. एक बाजारपेठ, एक शाळा, एक दवाखाना, आणि बाहेर जायला ओढ्यावरचा एक पूल. दोन वर्षांमागे ओढा फुगला आणि पूल गेला. वीज नाही, फोन नाही, रस्ता नाही. सरपंचांची बोबडी वळली. पायरीवर उभ्या राहिल्या त्या जाऊबाई. कोणाच्या घरी गॅस शिल्लक आहे, कोणाची म्हातारी अंथरुणाला खिळलेली, कोणाचा माळा कोरडा आहे, हे सगळं त्यांना ठाऊक. का नसणार? अख्ख्या गावाची मापं घेतलेली बाई ती. एकेकाला हाक मारून कामाला लावलं. पाणी ओसरलं तेव्हा भिंती पडल्या होत्या, पण माणूस एकही गेलं नव्हतं.

पूल पुन्हा उभा राहिला आणि वरून हुकूम आला की गावाने पुढच्या संकटाची योजना करायची. मास्तर अध्यक्ष, दवाखान्यातली नर्सबाई, औषधवाला, मी, अशी समिती झाली. कचेरीतून एक तरुण मॅडम आल्या. हुशार पोरगी, शब्द मोजून बोलायची. तिने सांगितलं, घरोघर जाऊन एकच विचारा, संकट आलं तर पहिली हाक कोणाला माराल?

आम्ही गल्ल्या वाटून घेतल्या आणि विचारून आलो. शाळेत बसून मास्तर एकेक उत्तर वाचायला लागले. वहिनी. वहिनी. वहिनी. पुन्हा वहिनी. मास्तरांचा चेहरा फुलत चालला होता. "एवढं एकमत या गावात कधी झालं नव्हतं," ते म्हणाले.

मॅडमचा चेहरा मात्र उतरला. ती म्हणाली, "आणि या बाईंनाच काही झालं तर?"

सगळे हसले. खरंच हसले. औषधवाला म्हणाला, "वहिनींना काय होतंय? माझ्या दुकानातली डोकेदुखीची गोळीसुद्धा त्यांनी कधी नेली नाही." जाऊबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्याही म्हणाल्या, "मला मेलीला काय धाड भरलीय!" मॅडमने दोन-तीनदा सांगून पाहिलं की प्रत्येक घराला वेगळं नाव हवं. पण पालथ्या घड्यावर पाणी. मी म्हटलं, "दुसऱ्याच्या जिवावर उदार व्हायला काय जातंय?" तर सगळ्यांना वाटलं, जावेचा जळफळाट. शेवटी ठरलं की एकदा सराव करून पाहू. घोडामैदान जवळच आहे.

सरावाचा दिवस ठरला. शाळेची घंटा वाजली की गल्लीगल्लीतून लोकांनी शाळेत जमायचं, चालता न येणाऱ्यांना स्ट्रेचरवर आणायचं, नर्सबाईने पिशवी घेऊन गल्लीत फिरायचं, दूधवाल्याने टेम्पो तयार ठेवायचा. माझं काम शाळेच्या व्हरांड्यात, आलेल्यांना बसवणं आणि पाणी देणं. कामकऱ्यांच्या दंडाला बांधायच्या पिवळ्या पट्ट्या जाऊबाई शिवणार होत्या. सकाळी मी शाळेकडे निघाले तेव्हा भिंतीपलीकडून कात्रीचा आवाज येत होता. मी ओरडून म्हटलं, "अजून बेतताय? घंटा व्हायची वेळ झाली." त्या म्हणाल्या, "तू हो पुढं. ही शेवटची घडी."

घंटा झाली. मी, मास्तर आणि मॅडम व्हरांड्यात उभे. कोणी येईना. समोरचा रस्ता तसाच रिकामा. मास्तर कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "आपली माणसं जरा निवांत आहेत." मॅडम नुसतं घड्याळ बघत राहिली. मलाच लाज वाटली. म्हटलं, थांबा, एकेकाला कान धरून आणते.

आमच्या गल्लीत वळले आणि बघतच राहिले. सगळं गाव तिथं होतं. जाऊबाईंच्या दारात, पायरीवर, गटाराच्या कठड्यावर, माझ्या गिरणीच्या ओट्यावर. दूधवाल्याचा टेम्पो सुरू करून ठेवलेला. स्ट्रेचर भिंतीला टेकवलेलं. नर्सबाई पायरीवर, खांद्याला औषधाची पिशवी. कोणी तरी विनोद केला होता आणि हशा पिकला होता.

"इथं काय करताय?" मी विचारलं.

"वहिनींची वाट बघतोय," औषधवाला म्हणाला. "त्या आल्या की निघू."

"हाक मारलीत?"

"मघाशीच मारली की. येतील, बेतत असतील."

"मग आतून 'आले' म्हणाल्या का?"

त्याने शेजारच्याकडे बघितलं. शेजारच्याने नर्सबाईकडे. ते 'आले' कोणीच ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं नाही हे आतापर्यंत कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मी पायरीवरच्या माणसांना ढकलून आत गेले. खोलीभर पिवळं कापड. त्याच्यावरून चालत मी मशीनला वळसा घातला.

जाऊबाई मशीनमागे जमिनीवर आडव्या पडल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात अंगाखाली. डावा हात कापडाच्या टोकाला, मुठीत घट्ट धरलेलं, आणि तिथलं कापड चुरगळून त्यांच्याकडे ओढलं गेलं होतं. डोळे उघडे. मला आधी वाटलं, गेल्या. मग ते डोळे माझ्याकडे वळले.

त्या शुद्धीत होत्या. सगळा वेळ शुद्धीत होत्या. त्यांचं तोंड दाराकडे होतं; तिथल्या अंधारात त्या बाहेरून दिसत नव्हत्या, पण त्यांना मशीनच्या पायांमधून उंबरा दिसत होता. ती सगळी माणसं, त्यांचे पाय, त्यांचं बोलणं, तो हशा, सगळं त्यांनी तिथं पडून ऐकलं होतं. मी किंचाळले की नाही आठवत नाही. एवढंच आठवतं की मी खाली बसले आणि ती मूठ सोडवायला लागले.

मग सगळे आत धावले. आता कापडाची कोणाला पर्वा नव्हती. स्ट्रेचर होतं, नर्सबाई होती, टेम्पो सुरू होता. एखाद्या माणसाला वाचवायला जे जे लागतं ते सगळं त्या दारात हजर होतं, आमच्या योजनेने ते तिथं आणून उभं केलं होतं. आणि ते उभंच राहिलं होतं.

मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर भला होता. म्हणाला, मेंदूकडे जाणारी नस बंद झाली, जीव वाचेल, पण थोडं आधी आणायला हवं होतं. मी विचारलं, "थोडं म्हणजे किती?" त्याने माझ्याकडे बघितलं आणि चष्मा पुसायला घेतला. मास्तर तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. त्यांच्या तोंडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा यायचं, "आम्ही दारातच होतो हो." मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. डोक्यात तिडीक गेली आणि मी उठून बाहेर गेले.

जाऊबाई घरी आल्या त्या माझ्या घरी. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतात, बोलणं गेलं. समजतं सगळं. गाव भेटायला यायचं, फळं आणायचं, रडायचं. त्या डाव्या हाताने रडणाऱ्याच्या पाठीवर थोपटायच्या. मला ते बघवायचं नाही. नर्सबाई तेवढी आली नाही. दवाखान्याला जाताना आमची गल्ली टाळून मागच्या रस्त्याने जायची. मी मनात म्हणायची, बरं करते.

महिन्याभराने मॅडम पुन्हा आली. बैठक माझ्याच घरी झाली, कारण जाऊबाईंना हलवणं कठीण. त्यांच्या खुर्चीभोवती सगळे दाटीवाटीने बसले. नर्सबाईला मास्तर ओढून घेऊन आले होते, ती दाराशी खाली मान घालून उभी. या वेळी मॅडमने सांगितलं, ज्यांना उचलून आणावं लागेल त्यांची नावं आधी घेऊ, आणि प्रत्येकासाठी एकच माणूस. पहिलं नाव वहिनींचं. यांना कोण आणणार?

"आम्ही सगळे," औषधवाला म्हणाला. लगेच चारी बाजूंनी तेच. आम्ही सगळे. वहिनींसाठी आम्ही सगळे.

माझा तोल सुटला. "सगळे त्या दिवशीही होतात," मी म्हटलं. "टेम्पो-स्ट्रेचरसकट होतात. बारभाईंची शेती, काय लागेल हाती? एक नाव सांगा. एकच."

जो तो आपापल्या पायांकडे बघायला लागला. शेवटी मी म्हटलं, माझं नाव घ्या. मॅडम हळूच म्हणाली, "काकू, पण तुम्ही घंटेच्या वेळी शाळेत असणार." तेही खरं होतं.

तेवढ्यात जाऊबाई उठायला लागल्या. मी हात द्यायला गेले तर माझा हात बाजूला सारला. पाय ओढत, खुर्च्या धरत धरत दारापर्यंत गेल्या आणि डाव्या हाताने नर्सबाईची बाही धरली.

नर्सबाई पांढरी फटक पडली. "मी नको, वहिनी," ती म्हणाली. "दुसरं कोणीही घ्या, मी नको." बाही सुटेना. मग ती सगळ्यांकडे वळून बोलायला लागली. "मी आत पाय टाकला होता. त्या दिवशी. मला वाटलं आत काहीतरी ओढल्यासारखं होतंय, कापड हललं. मी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला. मग वाटलं, कापड मळेल, वहिनी ओरडतील. पाय मागे घेतला. तशीच उभी राहिले."

ते कापड का हललं होतं हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. ती घट्ट आवळलेली मूठ मीच सोडवली होती. म्हणजे जाऊबाईंनी तो पाय आत येताना पाहिला होता. आणि मागे जातानाही पाहिला होता.

मी असते तर जन्मात तिचं तोंड बघितलं नसतं. आणि त्यांनी तिलाच धरलं होतं, तेही असं घट्ट की बाहीची शिवण उसवायला आली. ज्या माणसाने तो पाय मागे घेतला, ते माणूस आता कुठल्याही दारात थांबायचं नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्यांच्या कधी आलं? इथं खुर्चीत बसून, की तिथंच, जमिनीवर पडल्या पडल्या, सगळं गाव बाहेर हसत असताना? मी त्यांच्याकडे बघितलं. विचारून उपयोग नव्हता, त्यांना सांगता आलं नसतं.

"वहिनींसाठी नर्सबाई," मास्तर म्हणाले, आणि मॅडमने पुढचं नाव घेतलं.